बिली हॉलिडेची मजुरी

मागच्या पावसाळ्यात एका कविसंमेलनात मी दोन कविता वाचल्या. खाली उतरलो तर एक प्राध्यापक पुढं आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय वेदना आहे रे तुझ्याकडं! बिली हॉलिडे ऐकलंस का कधी? अगदी तसंच. नुसती कळ. त्यात घडवलेलं काही नाही, सगळं आतून आलेलं. आता फार वाचून-बिचून बिघडू नकोस." शेजारच्या दोघांनी माना डोलावल्या. मला चहा पाजला.

त्यातली एक कविता मी चौदा महिने लिहीत होतो. तिची किती पानं फाडली ते माझ्या खोलीतल्या भिंतीला माहीत. पण तिथं बोललो नाही. चहा प्यायलो आणि एस.टी. धरली. गाडीत डोक्यात एकच, हा बिली हॉलिडे कोण? नावावरून मला वाटलं कुणीतरी बाप्या असणार.

बाप्या नव्हता, बाई होती. काळी. अमेरिकेतली जाझ गाणारी. मग मी तिच्या मागंच लागलो. माझं इंग्रजी नववीपर्यंतचं, पुढचं डिक्शनरीचं. सूतगिरणीत रिंगखात्यात साइडर आहे, तिसरी पाळी जास्त वाट्याला येते, दिवसा झोप मोडून वाचायचं. वर्ष गेलं यात. आता त्या प्राध्यापकांना जे तिथं सांगता आलं नाही ते इथं लिहितो.

७ एप्रिल १९१५ ला फिलाडेल्फियाच्या हॉस्पिटलात ती जन्मली. नाव एलिनोरा. आई सेडी फेगन एकोणीस वर्षांची, लोकांच्या घरी कामाला जाणारी. बाप क्लॅरन्स हॉलिडे मिसरूड फुटायच्या वयाचा. पुढं तो गिटार शिकला, फ्लेचर हेंडरसनच्या नावाजलेल्या बँडमध्ये गेला, आणि या मायलेकींकडं फारसा फिरकला नाही. पोर बाल्टिमोरला नातेवाइकांच्या दारात वाढली.

१९५६ साली तिचं आत्मचरित्र आलं, विल्यम डफ्टी नावाच्या पत्रकारानं शब्दांत बसवलेलं. त्यात तिच्या जन्माच्या वेळी आई तेरा वर्षांची होती असं आहे. कागदपत्रं एकोणीस सांगतात. मला पहिल्यांदा राग आला, की बाई, एवढं खरं दुःख असताना खोटं कशाला? मग लक्षात आलं. पैशाची नड होती, पुस्तक खपायला हवं होतं, आणि गिऱ्हाइकाला काय लागतं हे तिला वीस वर्षांच्या धंद्यात पक्कं कळलं होतं. एकोणीसच्या आईपेक्षा तेराची आई जास्त विकली जाते.

त्याच पुस्तकात तिच्या पहिल्या मजुरीची हकिकत आहे. बाल्टिमोरच्या गोऱ्यांच्या घरांना पांढऱ्या दगडी पायऱ्या. त्या घासायचे पाच सेंट मिळायचे. या पोरीनं डोकं चालवलं. ब्रश माझा, बादली माझी, पावडर माझी, मग पंधरा सेंट टाका. कुंटणखान्याच्या मालकिणीची पण कामं करायची, निरोप ने, सामान आण. तिच्याकडनं मात्र पैसे घेत नसे. तिच्या माडीवर ग्रामोफोन होता. त्यावर बेसी स्मिथ आणि लुई आर्मस्ट्राँग ऐकू द्यायचं, हीच मजुरी. प्राध्यापक महाशय, बिघडायला तिनं दहा-बारा वर्षांचीच असताना सुरुवात केली होती. पुढं ती सांगायची, मला बेसीचा भरघोस आवाज हवा होता आणि लुईचा भाव. म्हणजे काय हवं, कुणाकडनं हवं, हे ठरवून ऐकत होती.

शाळा बुडवते म्हणून १९२५ साली, नऊ वर्षांची असताना, कोर्टानं तिला काळ्या मुलींच्या कॅथलिक सुधारगृहात घातलं. सुटून आली. १९२६ च्या नाताळच्या आदल्या रात्री शेजारच्या एका माणसानं तिच्यावर अत्याचार केला. त्याला तीन महिने. आणि हिला, खटल्यातली साक्षीदार म्हणून, परत त्याच सुधारगृहात. यावर मी जास्त लिहीत नाही. असल्या ठिकाणी वाचणाऱ्याची जीभ लांब होते, ते मी बघितलंय.

१९२९ ला मायलेकी न्यूयॉर्कात हार्लेमला होत्या. मे महिन्यात एका घरावर धाड पडली, दोघी सापडल्या. चौदा वर्षांच्या पोरीला वेश्याव्यवसायाबद्दल शंभर दिवस बेटावरच्या कामगृहात पाठवलं. ते वर्ष संपता-संपता शेअरबाजार कोसळला, मंदी आली, आणि हार्लेमच्या पिठ्यांतून, टेबलाटेबलाशी फिरून, ही गायला लागली. बिली हे नाव बिली डव्ह या सिनेनटीवरून घेतलं आणि हॉलिडे हे बापाचं.

त्या पिठ्यांत पगार असा नव्हताच, टेबलावरच्या टिपांवर चालायचं. आणि त्या नोटा बाईनं हातानं उचलायच्या नाहीत, अंगानं उचलायच्या, असा रिवाज. आपल्याकडच्या तमाशातली दौलतजादा ज्यांनी पाहिली त्यांना जास्त सांगायला नको. बिली म्हणाली, हातात द्या. बाकीच्या पोरी खिजवायला लागल्या, आली मोठी लेडी! ते नाव चिकटलं. सॅक्सोफोनवाला लेस्टर यंग पुढं तिला 'लेडी डे' म्हणायला लागला आणि जगानं तेच उचललं. मोठेपणाचं वाटणारं हे नाव मुळात मजुरीच्या भांडणातनं आलेलं आहे.

१९३३ साली जॉन हॅमंड या श्रीमंत घरातल्या गोऱ्या तरुणानं तिला ऐकलं आणि त्याच नोव्हेंबरात बेनी गुडमनबरोबर तिचं पहिलं रेकॉर्डिंग झालं. खरं काम १९३५ पासून, पियानोवाला टेडी विल्सनबरोबर. हे काम कसं चालायचं ते नीट बघा. प्रकाशकांकडची नवी चांगली गाणी गोऱ्या गायकांना जायची. यांच्या वाट्याला उरलेली, सिनेमातली पोकळ, यमकं जुळवलेली गाणी. तालमीला वेळ नाही. स्टुडिओत आल्यावर कागद हातात, तीन तासांत चार गाणी उरकायची, बाहेर ज्यूक-बॉक्सला माल हवाय. बिलीला स्वरलिपी वाचता येत नव्हती. कानानं घ्यायची. आणि ते भुस्कट गाणं आतून उसवून परत विणायची.

कसं, ते मी माझ्या खात्यातल्या भाषेत सांगतो. रिंगफ्रेम आपल्या वेगानं फिरते, कुणासाठी थांबत नाही. धागा तुटला की साइडरनं फिरत्या चातीवर तो जोडायचा. नवा माणूस मशीनच्या आधी घाई करतो आणि बोटं भाजून घेतो. मुरलेला माणूस क्षणभर थांबतो. उशीर झाला असं बघणाऱ्याला वाटतं, तेवढ्यात जोडलेला असतो. बिली तशी गाते. मागं ड्रम, बास, पियानो सरळ ठेक्यात चाललेत. ही ठेक्यावर येतच नाही. मागं राहते, शब्द लोंबकळत ठेवते, आता चुकली असं वाटतं, आणि नेमकी जागेवर उतरते. आवाज लहान, सप्तकाच्या थोडा पलीकडं जाईल एवढाच. म्हणून ती ओरडत नाही, मायक्रोफोनच्या जवळ जाऊन बोलल्यासारखी गाते. मूळ चालीतल्या उड्या कापून टाकते, दोन-तीन स्वरांत चाल सपाट करते, आणि सगळा भार कुठला शब्द कधी पडतो यावर टाकते. हे रडण्यानं येत नाही. रडणाराला लय सांभाळता येत नाही, हे आमच्या वस्तीतल्या भजनी मंडळातल्या पोरालाही ठाऊक आहे.

आणि मजुरी? दर रेकॉर्डिंगची ठरलेली उक्ती रक्कम. घ्या आणि निघा. रॉयल्टी नाही. त्या टेडी विल्सनबरोबरच्या तबकड्या आज जगभर अभिजात म्हणून विकल्या जातात, त्यातल्या विक्रीचा वाटा तिला ठरलेलाच नव्हता.

१९३७ साली ती काउंट बेसीच्या बँडबरोबर गावोगाव फिरली. डेट्रॉइटच्या एका थिएटरात मालकांना घोर लागला, की ही जरा उजळ आहे, दिव्याच्या झोतात कुणाला वाटलं की काळ्या पुरुषांत गोरी बाई गातेय, तर? म्हणून तिला तोंडाला काळा रंग फासायला लावला. काळ्या बाईला काळं केलं. हे तिनंच सांगून ठेवलंय. पुढच्या वर्षी ती आर्टी शॉच्या गोऱ्या बँडमध्ये गेली. तेव्हाच्या अमेरिकेत ही मोठीच गोष्ट. दक्षिणेत फिरताना जेवण आणि मुतारीसुद्धा मिळायची मारामार. पण शेवटचा घाव दक्षिणेत बसला नाही. तो बसला न्यूयॉर्कात, लिंकन हॉटेलात. गायला बोलावलं होतं. पण पाहुण्यांच्या लिफ्टनं यायचं नाही, सामानाच्या लिफ्टनं या. हॉटेलात काळे उतरतात असं पाहुण्यांना वाटू नये म्हणून. तिनं काम सोडलं.

मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना रिंगखात्यात, थ्रॉसलात घेत, मागखात्यात घेत नसत. कारण काय, तर कांडी संपली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढायला लागायचा, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार! पगार मागखात्यात जास्त. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला होता. लिंकन हॉटेलची लिफ्ट वाचताना मला तो धोटा आठवला, म्हणून लिहिलं. फार ताणत नाही. गुलामांच्या जहाजाचा इतिहास वेगळा आणि गावकुसाचा वेगळा.

१९३८ च्या डिसेंबरात ग्रीनिच व्हिलेजमध्ये कॅफे सोसायटी नावाचा क्लब उघडला. बार्नी जोसेफसन हा चप्पल-बूट विकणारा माणूस, त्यानं काढला. काळे-गोरे एका ठिकाणी, टेबलाशीसुद्धा. न्यूयॉर्कमध्येही हे नवलच होतं. तिथं तिच्याकडं ते गाणं आलं, 'स्ट्रेंज फ्रूट'.

७ ऑगस्ट १९३० ला इंडियाना राज्यातल्या मॅरियन गावात थॉमस शिप आणि एब्रम स्मिथ या दोन काळ्या तरुणांना जमावानं तुरुंगातून ओढून काढलं, मारलं, झाडाला लटकवलं. गावच्या फोटोग्राफरनं फोटो काढला. खाली गोरे बाया-बाप्ये उभे, कुणी हसतंय, एक जण वर बोट दाखवतोय. त्या फोटोच्या हजारो प्रती विकल्या गेल्या. ब्राँक्समधल्या एबल मीरोपोल या ज्यू शाळामास्तरानं असा फोटो पाहिला आणि कविता लिहिली. लटकलेली प्रेतं म्हणजे दक्षिणेच्या झाडांना लागलेली फळं. १९३७ साली ती शिक्षकांच्या युनियनच्या मासिकात छापून आली. त्यानंच चाल लावली.

तिची रेकॉर्ड कंपनी कोलंबिया. (बाबासाहेब शिकले ते कोलंबिया विद्यापीठ हार्लेमच्या कडेलाच. नावापलीकडं दोघांचा संबंध नाही.) कोलंबियावाले म्हणाले, हे आम्ही काढणार नाही, दक्षिणेतले दुकानदार माल परत करतील. शेवटी कमोडोर या तबकड्यांच्या दुकानाचा मालक मिल्ट गेबलर तयार झाला. २० एप्रिल १९३९ ला ते गाणं नोंदलं गेलं.

क्लबात ते कसं गायचं याची शिस्त जोसेफसननं घालून दिली. कार्यक्रमाचं शेवटचं गाणं. वेटरांनी जिथल्या तिथं थांबायचं, ग्लास वाजता कामा नये, दिवे बंद, फक्त तिच्या तोंडावर झोत. गाणं संपलं की पूर्ण अंधार, आणि दिवे लागतात तर ती गेलेली. टाळ्या कितीही पडल्या तरी परत यायचं नाही. बघा, याला कुणी 'आतून आलेलं' म्हणेल काय? एक-एक दिवा मोजून केलेलं काम आहे हे. तिच्याआधी ते गाणं दुसऱ्यांनीही गायलं होतं, सभांमधून. पण तिनं ते जाळ करून न गाता जवळजवळ बातमी सांगावी तसं गायलं. त्यामुळंच ऐकणाऱ्याला पळायला जागा राहिली नाही. काही गिऱ्हाइकं उठून जायची. दारू प्यायला आलेल्या माणसाला प्रेताचा वास दिला तर तो उठणारच.

हे गाताना बाप आठवतो, असं ती म्हणायची. क्लॅरन्स १९३७ साली टेक्सासमध्ये डॅलसला न्यूमोनियानं मेला. तिच्या सांगण्याप्रमाणं, काळ्याला दाखल करून घेणारं हॉस्पिटल शोधण्यात वेळ गेला. ज्या बापानं विचारलं नाही त्याच्यासाठी ती वीस वर्षं हे गाणं गात राहिली.

एक गोष्ट तिच्या विरुद्ध सांगायलाच पाहिजे. आत्मचरित्रात तिनं त्या गाण्याच्या चालीचं श्रेय स्वतःकडं आणि पियानोवाल्याकडं ओढलं. मीरोपोल दुखावला. तो बरोबर होता. हा तोच मास्तर, ज्याला पुढं न्यूयॉर्क राज्याच्या चौकशी समितीनं बोलावून विचारलं, या गाण्याचे कम्युनिस्टांनी तुला पैसे दिले का? आणि ज्यानं १९५३ साली रोझेनबर्ग पतिपत्नीला विजेच्या खुर्चीत मारल्यावर त्यांची दोन पोरं आपल्या घरी वाढवली. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर लावणं ही चोरीच, मग ती बिली हॉलिडेनं केली तरी.

आता हेरॉइन. लोक तिच्याबद्दल हेच आधी सांगतात. १९४० नंतर ती नशेत अडकली, नवरे आणि यार त्यातलेच मिळाले, मारणारे, लुटणारे. मी ते झाकत नाही. पण नशा खूप जणांनी केली, गोऱ्या नट-नट्यांनी पण केली. अमेरिकेच्या अमली पदार्थ खात्याचा प्रमुख हॅरी अ‍ॅन्स्लिंगर याचा जाझवाल्यांवर उघड दात होता, त्यांच्या फायली ठेवायचा. बिलीच्या मागं त्याची माणसं लागली. मे १९४७ मध्ये फिलाडेल्फियाच्या कोर्टात तिला एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा झाली. वेस्ट व्हर्जिनियाच्या आल्डरसन तुरुंगात गेली. मार्च १९४८ ला सुटली आणि अकरा दिवसांत, २७ मार्चला, कार्नेगी हॉलमध्ये उभी राहिली. तिकिटं संपलेली, स्टेजवरसुद्धा खुर्च्या टाकल्या होत्या.

इथं ही गोष्ट लोक संपवतात. टाळ्या, पांढरी गार्डेनियाची फुलं, पुनरागमन. मला मात्र पुढच्या एका कागदाच्या तुकड्याबद्दल लिहायचं आहे.

न्यूयॉर्कात तेव्हा दारू मिळते अशा कुठल्याही क्लबात काम करायचं तर पोलिसांचं कार्ड लागायचं. गाणारा असो, वाजवणारा असो की वेटर. बोटांचे ठसे द्यायचे, कार्ड घ्यायचं. शिक्षा झालेल्याला कार्ड नाही. म्हणजे शिक्षा भोगून झाली तरी पोट बंद. कार्नेगी हॉलमध्ये दारू नाही, तिथं ती गाऊ शकत होती. पण कार्नेगी हॉल वर्षातनं किती रात्री मिळणार? जाझच्या माणसाचं रोजचं पोट क्लबात असतं. तिचं स्वतःचं शहर, जिथं तिला उभं केलं ते हार्लेम, ती बावन्नावी गल्ली, तिला बंद झाली. मग शिकागो, बोस्टन, सॅन फ्रान्सिस्को, सूटकेस घेऊन गावोगाव. पियानोवाला थेलोनियस मंक याचंही कार्ड १९५१ साली गेलं. फ्रँक सिनात्रानं अर्ज करायलाच नकार दिला, त्याला परवडत होतं. १९६७ साली ती पद्धत रद्द झाली, तोवर बिलीला जाऊन आठ वर्षं झाली होती.

माझा आजा मुंबईत बदली कामगार होता. सकाळी गेटवर कार्ड घेऊन उभं राहायचं, खाडा पडला असेल तर आत, नाहीतर परत. १९८२ च्या संपानंतर तेही संपलं, तो गावी आला. ते कार्ड मरेपर्यंत त्याच्या ट्रंकेत होतं, चौघड्या पडलेलं. हात तेच, कसब तेच, पण कार्डाशिवाय ते हात विकता येत नाहीत, हे मला बिलीच्या पुस्तकात शिकावं लागलं नाही.

१९५८ साली तिनं 'लेडी इन सॅटिन' ही तबकडी केली, मागं चाळीसेक वाद्यांचा ताफा, व्हायोलिनं वगैरे. आवाज फाटलाय, श्वास पुरत नाही. वय बेचाळीस. शब्द टाकण्याची जागा मात्र एकदाही चुकलेली नाही. कित्येक जण या तबकडीवर मरतात, की बघा, केवढं भोगलेलं ऐकू येतं! मला ती ऐकवत नाही. मला १९३७ ची बिली आवडते, थट्टा करणारी, ठेक्याला चकवणारी, बावीस वर्षांची. त्या काळची तिची मजा कुणी का सांगत नाही?

१९५९ च्या मे अखेरीस ती कोसळली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन हॉस्पिटलात, यकृत आणि हृदय दोन्ही गेलेलं. तिथं खोलीत हेरॉइन सापडलं म्हणून खाटेवरच अटक केली, दाराशी पोलीस बसवले. कोर्टात जाऊन ते हलवावे लागले. १७ जुलैला पहाटे ती गेली. वय चव्वेचाळीस. बँकेत सत्तर सेंट होते. आणि पन्नास-पन्नासच्या नोटांचे साडेसातशे डॉलर तिनं अंगाशी बांधून ठेवले होते. मृत्युपत्र नव्हतं, म्हणून पुढची सगळी मिळकत लुई मॅके या वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याकडं गेली. १९७२ साली तिच्यावर हॉलिवूडनं सिनेमा काढला, त्यात सल्लागार हाच, आणि सिनेमातला भला नायकही हाच.

झाडाला माणसं लटकवणं हा केंद्र सरकारच्या कायद्यानं गुन्हा ठरवा, असं पहिलं विधेयक अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये १९०० साली आलं. कायदा झाला २०२२ च्या मार्चमध्ये.

एक तुकडा आहे, ८ डिसेंबर १९५७ चा, टेलिव्हिजनवरचा. बिली स्टुलावर बसलीय, भोवती वाजवणारे. लेस्टर यंग उठतो. दोघांचं बरेच दिवस पटत नव्हतं. तो फार थकलाय, दीड वर्षही उरलं नाही त्याला. तो जेमतेम दहा-बारा मापं वाजवतो, कमीत कमी स्वर, प्रत्येक उशिरा. कॅमेरा बिलीच्या तोंडावर आहे. ती गात नाही त्या वेळी, ऐकतेय. मान हलतेय, ओठ किंचित हलतात, आणि प्रत्येक स्वर कुठं पडतोय ते ती बघतेय, जसा जुना साइडर दुसऱ्याच्या हाताकडं बघतो. तिसऱ्या पाळीत साडेतीनच्या सुट्टीत मी तो बाहेर कट्ट्यावर बसून मोबाईलवर बघतो. खात्यातल्या एका म्हाताऱ्याला दाखवला. त्याला इंग्रजी येत नाही, जाझ माहीत नाही. त्यानं दोनदा बघितला आणि विचारलं, "ही बाई त्याच्याच खात्यातली काय?"

म्हटलं, हो.